जुन्या लाकडासाठी हेलिकल प्लेनर: कामाला लावल्यानंतरचं माझं मत

एकदा वापरून झालेल्या जुन्या लाकडावर काम करणाऱ्याने थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं यंत्र, निवडताना आधी एकच प्रश्न विचारावा: फळीत राहिलेला खिळा पात्याला लागला तर नुकसान किती होणार आणि काम किती वेळ अडणार? आवाज, वेग, गुळगुळीतपणा हे सगळं त्याच्यानंतर. नव्या कोऱ्या फळीवर बहुतेक प्लेनर चांगलंच काम करतात. पाडलेल्या घराच्या तुळया, जुन्या दारांच्या फळ्या, पॅलेट, मालाची खोकी, मोडके बाक यांच्यावर मात्र यंत्रायंत्रातला फरक लगेच दिसतो.

मी लिहिते आहे तो प्लेनर बाकावर ठेवायचा, १३ इंच रुंदीचा आणि हेलिकल कटरहेडचा आहे. कटरहेड म्हणजे पाती बसवलेलं फिरतं डोकं; हेलिकल म्हणजे काय ते पुढे येतंच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या जातीच्या यंत्रांना सरसकट लागू होतं. माझं वर्कशॉप छोटं आहे. एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकवलेल्या फळ्या, आणि मध्ये आठ फुटी फळी अलीकडून घालून पलीकडे काढता येईल एवढीच मोकळी वाट. टेबलं, शेल्फ, पेट्या करते, जवळजवळ सगळं जुन्या लाकडातून. बहुतेक वेळा एकटीच असते, त्यामुळे यंत्र मला एकटीला हाताळता येणं हीसुद्धा अट होतीच.

आधी माझ्याकडे सरळ पात्यांचा प्लेनर होता. हायस्पीड स्टीलची तीन पाती, प्रत्येक पातं यंत्राच्या पूर्ण रुंदीचं. अशा यंत्रात खिळा लागला की तिन्ही पात्यांना एकाच जागी खाच पडते, आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक उंच रेघ उमटत राहते. यावर सुतारांचा एक जुना उपाय आहे. तीनपैकी एक पातं खाचेच्या रुंदीइतकं बाजूला सरकवायचं, म्हणजे बाकी दोघांच्या खाचेसमोर त्याची चांगली धार येते आणि रेघ कापली जाते. पण त्यासाठी पात्याची छिद्रं लांबट असावी लागतात. पातं पिनेवर घट्ट बसवायची सोय असेल तर सरकवायला जागाच नसते. दुधारी पाती उलटवता येतात, तीही एकदाच. खाच पडते तीन मिलिमीटरची आणि बाद होते सगळी १३ इंचांची धार, हे मला कायम खटकत आलं. जुन्या लाकडात तर ही वेळ पुन्हा पुन्हा येते.

हेलिकल कटरहेडमध्ये अखंड पातं नसतं. पोलादी दंडगोलावर कार्बाइडचे छोटे चौकोनी इन्सर्ट सर्पिल ओळीने बसवलेले असतात, प्रत्येकाला मध्ये एक स्क्रू. चौकोनाच्या चारही बाजूंना धार असते. एक बाजू बोथट झाली की स्क्रू सैल करायचा, इन्सर्ट पाव वळसा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. खिळा लागला तर एका, फार तर दोन इन्सर्टचा एकेक कोपरा जातो, बाकीचे शाबूत राहतात. माझ्यासाठी या यंत्राची सगळी किंमत इथे वसूल होते.

एकदा जुन्या बाकाच्या फळीत, टोकाजवळच्या चिरेत, एक खडा रुतून बसलेला होता. धातूचा शोध घेणाऱ्या कांडीला तो कळण्याचा प्रश्नच नव्हता. टण्णकन आवाज आला, मी यंत्र बंद केलं, प्लग काढला, वरचं झाकण उघडलं. एका इन्सर्टचा कोपरा उडालेला होता. शेजारचे इन्सर्ट भिंगाखाली तपासले, कारण उडालेला तुकडा फिरत्या डोक्यात दुसऱ्यावर आदळू शकतो. ते ठीक होते. तुटलेला फिरवला आणि तीच फळी पुढे चालू केली. जुन्या यंत्रावर हेच घडलं असतं तर तीन पाती उतरवून, उलटवून, पुन्हा बसवून, वर एखादी टाकाऊ फळी चालवून बघण्यात दुपार गेली असती.

कार्बाइडबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विक्रेते ती अर्धीच सांगतात. कार्बाइड स्टीलपेक्षा खूप कडक असतं, म्हणून त्याची धार फार जास्त टिकते. पण ते ठिसूळही असतं. खिळ्यावर आपटल्यावर स्टीलचं पातं दबतं, त्याला खाच पडते. कार्बाइडचा टवका उडतो. म्हणजे हेलिकल डोकं खिळ्याला दाद देत नाही हा समज चुकीचा आहे. खिळ्यापुढे दोघंही हरतात, फक्त इथे हार एका छोट्या चौकोनापुरती राहते. टवका उडू शकतो म्हणून मी फळीच्या रेषेत कधीच उभी राहत नाही. बाजूला उभी राहते आणि डोळ्यांवर गॉगल असतोच.

इन्सर्ट फिरवताना खालची बैठक स्वच्छ असणं फार महत्त्वाचं आहे. भुशाचा एखादा कण जरी खाली राहिला तरी इन्सर्ट केसभर वर उचलला जातो. मग तो एकटाच खोल कापतो आणि फळीवर बारीक चर पडतो, किंवा स्क्रू आवळताना तो तडकतो. मी जुन्या टूथब्रशने बैठक झाडते, कापडाने पुसते, इन्सर्टची मागची बाजूही पुसते, आणि स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवरच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच, आवळते. टॉर्कची खूण असलेला रेंच यंत्राबरोबर आलाच नव्हता, ही मोठी उणीव. साधा एल-पाना देऊन हात झटकणं अशा डोक्याच्या बाबतीत योग्य नाही. हाताच्या अंदाजाने एक सैल आणि एक जास्त घट्ट आवळला जाणारच. शिवाय एकच इन्सर्ट फिरवला की त्याची नवी धार शेजारच्या झिजलेल्या धारांपेक्षा किंचित पुढे असते. फळीवर तिची उमटलेली रेघ बोटाला जेमतेम लागते. टेबलाच्या वरच्या फळीवर मी ती स्क्रेपरने काढते, पेटीच्या आतल्या बाजूला सोडून देते.

आता ज्या मुद्द्यावर खरेदी करताना बारकाईने बघायला हवं तो. ‘हेलिकल’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या रचना विकल्या जातात. पहिल्या रचनेत इन्सर्टची धार स्वतःच फळीच्या दिशेला तिरकी असते, त्यामुळे लाकूड तिरकं, सरकत कापलं जातं. दुसऱ्या रचनेत इन्सर्टची ओळ सर्पिल असते, पण प्रत्येक धार सरळच असते. ओळ सर्पिल असल्यामुळे धक्का विभागला जातो आणि आवाज कमी होतो, पण काप सरळ पात्यासारखाच असतो. बाकावरच्या बऱ्याच छोट्या यंत्रांत ही दुसरी रचना असते. माझ्यातही तीच आहे. कटरहेडचा जवळून घेतलेला फोटो बघितला की इन्सर्टच्या बाजू दंडगोलाच्या अक्षाला समांतर आहेत की तिरक्या, हे दिसतं.

दुसरं, इन्सर्ट मोजा. १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर. इन्सर्ट १५ मिलिमीटरचा असेल तर पूर्ण रुंदी एकदा झाकायलाच २२ इन्सर्ट लागतात. माझ्या यंत्रात २६ आहेत. म्हणजे थोडं एकमेकांवर चढणं धरलं तर लाकडाच्या प्रत्येक जागेला एका फेऱ्यात साधारण एकच काप मिळतो. सरळ तीन पात्यांच्या यंत्रात एका फेऱ्यात तीन काप मिळतात. डोकं मिनिटाला १०,००० फेरे घेतंय आणि फळी मिनिटाला ८ मीटर सरकतेय असं धरा: तीन पात्यांत दर मिलिमीटरला पावणेचार काप, माझ्या यंत्रात सव्वा. या हिशोबाने नव्या धारेच्या सरळ पात्यांचा पृष्ठभाग जास्त गुळगुळीत यायला हवा, आणि साध्या, सरळ रेषांच्या पाइनवर तसा येतोही. माझ्या यंत्रातून निघालेल्या फळीवर उजेड तिरका पाडला की अगदी बारीक लाटा दिसतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्या जातात, पण जाहिरातीत म्हणतात तसं ‘थेट पॉलिशला तयार’ हे खरं नाही. दुप्पट-तिप्पट इन्सर्ट असलेली डोकी मिळतात. ती जास्त चांगली आणि अर्थात जास्त महाग.

तरीही जुन्या लाकडावर मी हेच डोकं घेईन, आणि त्याला खिळ्याखेरीज आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे गाठी. जुन्या फळीत रेषा कुठून कुठे वळतात याचा भरवसा नसतो. गाठीभोवती त्या उलट्या होतात आणि सरळ पातं तिथे लाकूड कापण्याऐवजी उपटतं. छोटे इन्सर्ट एका वेळी थोडंसंच लाकूड घेतात, त्यामुळे उपटलंच तरी खोलवर जात नाही. दुसरं कारण जुनं सागवान. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती स्टीलची धार झपाट्याने खाते. जुन्या यंत्रावर सागाची दोन-चार दारं रंधून झाली की पाती बोथट झालेली असायची, आणि फळीवर चकाकीऐवजी धुरकट, दबलेला पोत यायचा. कार्बाइडवर हा त्रास जवळजवळ संपला.

आवाजाबद्दल पुष्कळ बढाई वाचायला मिळते. लाकूड कापतानाचा आवाज कमी झालाय हे खरं. कर्कश किंचाळणं गेलं आणि घरघर उरली. पण अशा छोट्या यंत्राची युनिव्हर्सल मोटर स्वतःच मोठा आवाज करते, आणि डोकं बदलल्याने ती शांत होत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यावर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. त्या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. कानांवर मफ लावल्याशिवाय मी बटण दाबत नाही, आणि कोणी फळी धरायला आलं तर त्यांच्यासाठी दुसरा जोड खुंटीवर टांगलेला असतो.

मोटर अठराशे वॅटची आहे. सर्पिल ओळीमुळे कोणता ना कोणता इन्सर्ट सतत लाकडात असतो, म्हणून मोटरवर भारही सतत राहतो. पुस्तिकेत एका वेळी ३ मिलिमीटर काढता येतील असं लिहिलंय. अरुंद पाइनच्या पट्टीवर जमेल. १२ इंच रुंद जुन्या सागावर मी अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या वर जात नाही, नाहीतर मोटरचा सूर खाली उतरतो आणि फळी पुढे ओढणारे रूळ घसरायला लागतात. रुळांचं रबर जुन्या मेणाने, पॉलिशने आणि पाइनच्या डिंकाने लवकर माखतं. मग फळी मध्येच थांबते, आणि थांबलेल्या जागी डोकं जळका पट्टा उमटवतं. रूळ पुसत राहणं आणि टेबलाला सिलिकॉन नसलेलं मेण चोळणं ही दोन कामं केली की फळी न अडखळता सरकते.

ढलप्या बारीक आणि आखूड निघतात, सरळ पात्यांसारखे लांब कीस निघत नाहीत, त्यामुळे १०० मिलिमीटरच्या पाइपातून त्या सहज ओढल्या जातात. घर झाडायचा किंवा वर्कशॉपचा साधा व्हॅक्यूम इथे पुरत नाही. त्याची ओढ जोरकस असते, पण हवेचं प्रमाण कमी पडतं. डस्ट कलेक्टर हवाच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याला ती कारण ठरते याचे पुरेसे पुरावे असलेल्या गटात. जुन्या लाकडाच्या धुळीत शिवाय कशाकशाचे थर असतात. मास्क लावूनच काम करा, आणि या ढलप्या बागेत किंवा जनावरांखाली पसरू नका.

टोकाला पडणाऱ्या खड्ड्याबद्दल, म्हणजे स्नाइपबद्दल. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना एकाच रुळाखाली असते, तेव्हा तिचं टोक किंचित उचललं जातं आणि डोकं तिथे जास्त खातं. माझ्या यंत्रात डोकं जागेवर आवळायचा खटका आहे, तरी शेवटच्या ५० ते ७५ मिलिमीटरवर बोटाला कळेल एवढा खड्डा पडतोच. आत घालताना फळीचं बाहेरचं टोक थोडं वर उचलून धरलं तर तो बराच कमी होतो. मी लांबी सोडूनच ठेवते. जुन्या फळ्यांची टोकं तशीही कुजलेली, खिळ्यांनी चाळण झालेली असतात, ती कापायचीच असतात. फक्त एक क्रम पाळा: टोकाच्या उघड्या रेषांत माती आणि वाळू गच्च बसलेली असते, म्हणून प्लेनरला लावण्याआधी दोन्ही टोकांचे दोन-दोन सेंटिमीटर करवतीने उडवा. वाळू खिळ्यासारखा आवाज करत नाही, पण धार तीच जास्त खाते.

१२ इंचांपेक्षा आखूड तुकडा आत घालू नका. दोन रुळांच्या मध्ये तो सुटतो आणि डोक्याच्या तावडीत सापडतो. आखूड तुकडा रंधायचाच असेल तर दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या चिकटवा, तुकड्याच्या पुढे-मागे निघतील अशा.

नव्याने प्लेनर घेणाऱ्या बहुतेकांची निराशा एका गैरसमजातून होते, तेव्हा त्यावर जरा थांबते. प्लेनर फळी सपाट करत नाही. तो वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो, एवढंच. विल्यम वुडवर्थने १८२८ मध्ये अमेरिकेत रंधण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात फिरत्या पात्यांबरोबर फळी दाबून धरणारे रूळ होते. आजच्या छोट्या यंत्रातही तेच रूळ आहेत, आणि अडचण त्यांच्याच दाबाची आहे. वाकलेली किंवा पीळ पडलेली फळी रुळांखाली दबून सपाट होते, त्या अवस्थेत कापली जाते, आणि बाहेर पडली की पुन्हा वर येते. वर गुळगुळीत, पण पीळ जसाच्या तसा. जुन्या फळ्या वर्षानुवर्षं एका बाजूने ऊन किंवा भार सोसत आलेल्या असतात. त्यांत पीळ, बाक, पन्हळ असं काही नाही अशी फळी विरळाच.

जॉइंटर असेल तर एक बाजू त्यावर सपाट करून घ्यायची. माझ्याकडे जॉइंटरला जागा नाही. मी जाड प्लायची एक पाटी केली आहे, टोकाला आडवी पट्टी मारलेली. फळी तिच्यावर ठेवते, जिथे अधांतरी आहे तिथे पाचरी सरकवते, पाचरी गरम ग्लूने टेकवते, आणि पाटीसकट सगळं आत घालते. फळीखाली आधार पक्का असला की रूळ तिला दाबू शकत नाहीत, त्यामुळे वरची बाजू खरोखर सपाट निघते. मग पाटी बाजूला ठेवायची, फळी उलटी करायची आणि दुसरी बाजू तिला समांतर काढायची. पुढचं लाकूड दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढा. एकाच बाजूने भराभर काढलं तर आतला ओलावा आणि ताण असमान मोकळा होतो आणि रात्रीत फळी पुन्हा वाकते. पहिल्या हलक्या फेरीनंतर मी फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवते, पिनेच्या मीटरने ओलावा बघत राहते, आणि आकडा स्थिरावला की अंतिम जाडीला आणते.

यंत्राच्या आधीचं काम यंत्रापेक्षा मोठं आहे, आणि मला त्यातच जास्त रस आहे. खिळे काढताना खिळ्याकडे बघावंसं वाटतं. चौकोनी, हाताने ठोकून घडवलेला असेल तर लाकूड बहुधा खूप जुनं. पत्र्यातून कापलेला, आयताकृती छेदाचा असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीचा. गोल तारेचा असेल तर साधारण त्या शतकाच्या शेवटानंतरचा. कटावणीने उपसताना गंजलेल्या खिळ्याचं डोकं तुटतं आणि धड आत राहतं. तो मागून सुंब्याने ठोकून बाहेर काढायचा. तसा निघाला नाही तर पोकळ ड्रिलने भोवतालचं लाकूड पोखरून काढायचा, आणि भोकात त्याच लाकडाची खुंटी बसवायची. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळसर-काळा डाग पडतो. तो डाग मला फार उपयोगी पडतो. वरून छिद्र दिसत नाही आणि काळेपणा आहे, म्हणजे आत लोखंड आहे किंवा कधीतरी होतं. उरलेला डाग नको असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडने फिका होतो.

डिटेक्टरची कांडी प्रत्येक फळीवर चारही बाजूंनी फिरवते. चुंबकावर भागत नाही, कारण पितळेचे स्क्रू आणि तांब्याचे खिळे चुंबकाला दाद देत नाहीत. मग तारेचा ब्रश, रेषांच्या दिशेने, मातीचा कण राहणार नाही इतका. आणि त्यानंतर हातरंधा. गोलाई दिलेल्या पात्याचा, स्टॅनलीच्या ४० नंबरसारखा अरुंद स्क्रब रंधा असेल तर उत्तम. वरचा काळपट थर मी त्याने आडवा काढते. उरलासुरला खिळा असेल तर तो या पात्याला लागतो, आणि हे पातं मी दगडावर थोड्या वेळात पुन्हा धारदार करू शकते. महाग धार वाचवायची असेल तर आधी स्वस्त धार पुढे करावी, या मताची मी आहे.

काही लाकूड मात्र प्लेनरला लावूच नये. जुना रंग असलेल्या फळीत शिसं असू शकतं, आणि प्लेनर त्याची धूळ करून सगळ्या खोलीत पसरवतो. हिरवट झाक असलेल्या, औषध पाजलेल्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं. रेल्वेच्या जुन्या स्लीपरमध्ये क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल असतं. हे कितीही फुकट मिळालं तरी मी घेत नाही. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीची खूण असलेला शिक्का बघा. त्यात एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते नको. एचटी असलं तरी त्या पॅलेटवर नंतर काय सांडलं हे शिक्का सांगत नाही, म्हणून डागाळलेल्या आणि वास येणाऱ्या फळ्या मी बाजूला ठेवते.

हे यंत्र कोणी घेऊ नये? ज्यांना जुन्या लाकडाची मूळ पाठ हवी आहे, त्यांनी. गोल करवतीच्या कमानदार खुणा, हाताने ओढलेल्या करवतीच्या सरळ खुणा, वाकसाने तासल्याचे खड्डे हे सगळं प्लेनर एका फेरीत पुसून टाकतो आणि ते पुन्हा आणता येत नाही. मधला मार्ग आहे. फक्त उंचवट्यांना धार लागेल इतकी हलकी एकच फेरी द्यायची, म्हणजे काही भाग उजळतो आणि खोलगट भागात जुना रंग राहतो. शेल्फच्या फळ्यांना मी बऱ्याचदा तसंच ठेवते. आणि ज्यांना वर्षातून एखादं टेबल करायचं आहे, त्यांना स्क्रब रंधा, लांब रंधा आणि थोडा घाम पुरेल. तिसरे, स्वच्छ नवं लाकूडच वापरणारे. त्यांना सरळ पात्यांचा चांगला प्लेनर कमी पैशात जास्त चकचकीत पृष्ठभाग देईल.

बाकी उरलेलं थोडक्यात. वजन चाळीस किलोच्या वर आहे. बाजूच्या कड्यांना धरून मी ते एकटीने बाकावरून चाकाच्या स्टँडवर सरकवते, पण उचलत नाही. जाडीचा काटा पहिल्या दिवशी अर्धा मिलिमीटर चुकीचं दाखवत होता. स्क्रू सैल करून तो बरोबर करता येतो. अंतिम जाडी मी तरीही कॅलिपरनेच मोजते. पुढे-मागे जोडायची टेबलं यंत्राबरोबर आली. ती बसवल्यावर लांब पट्टीने रेषेत आणून घ्यावी लागतात, बाहेरचं टोक किंचित उंच ठेवलं की स्नाइप आणखी कमी होतो. इन्सर्टच्या चार बाजूंपैकी कुठली वापरून झाली हे कळायला काही कंपन्या एका कोपऱ्यावर ठिपका देतात. माझ्यावर तो नव्हता, म्हणून मी कोरणीने खूण केली आहे.

ज्यांच्याकडे सरळ पात्यांचा प्लेनर आधीच आहे, ते विचारतात की त्यात नुसतं हेलिकल डोकं बसवून मिळेल का. बऱ्याच मॉडेलसाठी अशी डोकी स्वतंत्र मिळतात, पण जुनं डोकं काढायला बेअरिंग ओढून काढावी लागतात, आणि डोक्याचा खर्च कधीकधी यंत्राच्या बरोबरीने जातो. मोटर आणि रूळ चांगल्या स्थितीत असतील तरच ते करा. घेताना डोक्याबरोबर सुटे इन्सर्ट आणि सुटे स्क्रू जास्तीचे घ्या. स्क्रूचं तोंड घासलं जातं, आणि एका स्क्रूसाठी यंत्र बंद ठेवावं लागतं.